गाळा सोडून गेलेली माणसं

चेनवाली माझ्या वर्गात आली ती गाळा ठरवून. म्हणजे तिनं ठरवला नव्हता. तिच्या थोरल्या दिरांनी ठरवला होता, आणि आता धंदा कसा करतात तेही जरा बघून ये, म्हणून तिला पाठवलं होतं. आधी विहिरीत उडी मारायची आणि मग हातपाय कसे मारतात ते विचारायचं, अशातली गत. बहुतेक लोक असेच येतात.

निवृत्तीनंतर मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग घेते. लहानसा धंदा सुरू करायच्या आधी माणसाला जे यायला हवं ते शिकवते. फी नाही, प्रमाणपत्र नाही, चहा ज्याचा त्याचा. बँकेत कर्जाच्या टेबलावर आयुष्य गेल्यामुळे माणसं कशी बुडतात हे मी जवळून पाहिलं आहे. बुडाल्यावर गळे काढण्यापेक्षा आधी कानउघाडणी केलेली बरी.

चेनवालीचं खरं नाव हजेरीत होतं, पण ते कोणी वापरलं नाही. बॅगांच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं चेन बसवत आली होती. अडकलेली चेन हातात दिली की ती आधी दोनदा पुढेमागे करून नुसतं ऐकायची, मग मेणबत्तीचा तुकडा घासायची नाहीतर पकडीनं किंचित दाबायची, की चेन सरळ. बुटकी, गोल चेहऱ्याची, बाहीला कायम सुई टोचलेली. बोलताना वाक्याचा शेवट गिळायची. नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, घरी पाहुण्यासारखा येणार. घर चालायचं दिरांच्या शब्दावर.

हे दीर टपालखात्यातून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना 'शिक्का' म्हणत. एकदा हो म्हणाले की शिक्का बसला, मग जग इकडचं तिकडे होवो. माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचं तसं मत होईल. भावजयीनं दुसऱ्याच्या कारखान्यात मान मोडण्यापेक्षा स्वतःचं दुकान काढावं, ही कल्पना त्यांचीच. गाळा शोधला त्यांनीच, आणि भाड्याचा शब्दही देऊन आले तेच. तिला सांगितलं नंतर.

पहिले काही वर्ग तिचा सगळा वेळ भाव सांगायला शिकण्यात गेला. भाव सांगताना तिला हसू यायचं. गीझर दुरुस्त करणारा एक उंच, हडकुळा माणूस वर्गात होता, स्वतःचं काम सुरू करायच्या तयारीतला. त्याला मी गिऱ्हाईक केलं.

"चेन बदलायचे काय घ्याल?" त्यानं आपली पिशवी पुढे केली.

तिनं भाव सांगितला, हसली, आणि लगेच म्हणाली, "पण तुम्ही ओळखीचे आहात. द्या काय द्यायचं ते..."

"अहो, मी आत्ता ओळखीचा झालोय. पाच मिनिटं तरी परका राहू द्या."

वर्ग हसला. मी म्हटलं, "भाव सांगितला की तोंड बंद. पुढचं त्याला बोलू दे. गप्प बसणं हाही धंद्याचाच भाग आहे." तिनं पुन्हा केलं, पुन्हा हसली. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र भाव सांगून ती गप्प राहिली, गीझरवाल्याकडे नुसती बघत राहिली, आणि त्यालाच अवघडून खिशात हात घालावा लागला. त्या दिवशी घरी जाताना ती जिना जरा जोरात उतरली.

मग मी गृहपाठ दिला. दरवेळी देते तोच. तुम्ही जी जागा घेणार आहात तिथे आधी कोण होतं ते शोधा, त्याच्या घरी जा, आणि का सोडली ते विचारा. दलाल सांगेल ते नको, मालक सांगेल ते नको, शेजारी सांगेल ते तर मुळीच नको. सोडून गेलेल्या माणसाच्या तोंडून ऐका.

यावर नेहमी कुरकुर होते. तेव्हाही झाली. घरी साबण बनवणारी एक बाई म्हणाली, "बाई, बरं दिसत नाही ते. पडलेल्या माणसाला का पडलास विचारायचं म्हणजे..."

"न विचारता त्याच खड्ड्यात जाऊन पडणं बरं दिसतं का?"

पण तिचं म्हणणं आमच्याकडच्या रीतीला धरून होतं. आमच्याकडे दुकान बंद झालं की माणूस म्हणतो, 'धंदा चालला नाही,' ऐकणारा म्हणतो, 'नशीब एकेकाचं,' आणि विषय संपतो. त्यापुढे विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. सभ्यता म्हणून सगळे गप्प राहतात. ही सभ्यता किती महागात पडते ते मी कर्जाच्या टेबलावर पाहिलं होतं. जिवावर बेतते हे मात्र या गाळ्यानं दाखवलं.

गाळा चांगला होता, हे कबूल करायला हवं. बाजाराच्या रस्त्यावरून आत वळलं की पहिलाच. पुढे काचेचं दार, आत लांबट खोली, वर फळ्यांचा पोटमाळा, गिलावा नवा. बाजूला लाँड्री, आणि गाळ्याचा मालक तोच लाँड्रीवाला. गोरा, गुळगुळीत, मऊ आवाजाचा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलावणारा. लाँड्रीमुळे गाळ्यात कायम धुतलेल्या कपड्यांचा वास असायचा, आणि भिंतीपलीकडे पाणी तापवायचा बॉयलर असल्यामुळे आत ऊब. मालक जागा दाखवताना ती भिंत हातानं थोपटायचा. "थंडीत इथे शेकोटी लागत नाही ताई. आईच्या कुशीत बसल्यासारखं वाटतं." तिन्ही जुन्या भाडेकरूंना त्यानं हेच वाक्य ऐकवलं होतं. ते नंतर कळलं.

तीन भाडेकरू. चेनवाली तिघांकडे जाऊन आली आणि पुढच्या वर्गात उभी राहून तिनं सांगितलं. वाक्यांचे शेवट गिळत, पण सगळं सांगितलं.

पहिला शिंपी. त्यानं आधी चहा पाजला आणि 'धंदा चालला नाही' म्हणाला. ती चहा संपवून बसूनच राहिली. भाव सांगितल्यावर गप्प बसायचं शिकली होती ना, तसं. शेवटी तोच बोलला. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या. मग दुसऱ्याचा गळा उलटा कापला. दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपायचा. "वय झालं," तो म्हणाला, "कुणाला सांगू नका." त्याचं वय पन्नासही नव्हतं. आता तो घरी बसून शिवत होता, आणि बाह्या बरोबर लागत होत्या.

दुसरा घड्याळजी. तो दारातूनच परत पाठवत होता. त्याच्या बायकोनं आत बोलावलं. गाळ्यात बसायला लागल्यापासून त्याचे हात थरथरायला लागले, डोकं ठणकायचं, गिऱ्हाइकांवर खेकसायचा. घड्याळजीचे हात थरथरतात हे बाहेर कळलं तर कोण घड्याळ देईल? म्हणून धंदा चालला नाही असं सांगून मोकळा झाला.

तिसरी खेळणी विकणारी, तान्ह्या पोराला घेऊन दुकानात बसायची. पोर गाळ्यात आलं की ओकायचं, रात्री घरी गेलं की खेळायचं. सासू म्हणाली, जागेला नजर आहे. नवरा म्हणाला, तुला दुकानात बसायचा कंटाळा आलाय. ती दोघांशी भांडली आणि किल्ली देऊन आली.

"गल्लीत त्या गाळ्याला निद्रानगर म्हणतात," चेनवाली म्हणाली. "बसेल तो पेंगतो, म्हणून."

वर्ग हसला. साबणवाली म्हणाली, "मग गाद्या विका तिथे. झोपून दाखवायला माणूस फुकट." पुन्हा हसू.

गीझरवाला हसला नाही. तो मागच्या बाकावरून उठून पुढे आला.

"डोकं सगळ्यांचंच दुखायचं का?"

"शिंप्याला विचारलं नाही. बाकी दोघांचं... हो."

"आणि बाहेर पडल्यावर थांबायचं?"

"खेळणीवाली म्हणाली, बाजारात भाजी घेईपर्यंत उतरायचं."

"लाँड्रीच्या बॉयलरचा धूर कुठून बाहेर जातो? तुमच्या पोटमाळ्यातून तर नाही?"

तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यानं समजावलं ते एवढंच, की गॅस नीट जळला नाही आणि धुराचा पाइप कुठे फुटका असला, तर खोलीत एक विषारी वायू भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप येते. दार उघडं असेल तर डोकेदुखीवर भागतं. बंद असेल तर माणूस झोपेतच जातो. "मी दोघांना बाहेर काढलंय," तो म्हणाला. "एक वाचला."

साबणवालीनं आपली पिशवी उगीचच मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी फळ्या मोजायच्या निमित्तानं तो आणि चेनवाली गाळ्यात गेले. पोटमाळ्यावर मागच्या कोपऱ्यातून लाँड्रीचा पाइप आडवा गेलेला. जोडाला गंज चढून बोट जाईल एवढी फट, आणि तिच्यावर चिंध्या गुंडाळून पट्टी मारलेली. म्हणजे कुणाला तरी ती फट माहीत होती. चिंध्या जुन्या चादरींच्या होत्या, इस्त्री केलेल्या. लाँड्रीतल्याच.

मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. "बदलून टाकतो. माणसाचा जीव महत्त्वाचा." आणि गीझरवाला वळल्यावर चेनवालीला हळूच म्हणाला, "ताई, हा गडी नवीन धंदा काढतोय ना? भीती घालून गिऱ्हाईक करायची त्यांची पद्धतच असते. तुमच्या वर्गात शिकवतात वाटतं."

हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आठवड्याभरानं मालकानं निरोप पाठवला की पाइप दुरुस्त झाला. ती बघायला गेली. पोटमाळ्याच्या कोपऱ्याला फळी ठोकून वरून रंग दिला होता. पाइप दिसतच नव्हता. "फळी काढून दाखवा," ती म्हणाली. मालक हसला. "रंग ओला आहे ताई."

घरी तिनं सांगितलं की गाळा नको.

शिक्के जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "मी शब्द दिलाय."

"भाऊजी, तीन माणसं आजारी पडली तिथे."

"मालक म्हणाले दुरुस्त केलं. त्यांनीही शब्द दिलाय."

"फळी काढून दाखवत नाहीत."

"उद्या ते म्हणतील, तुमच्या भावजयीची नियत दाखवा. आपण काय दाखवणार?" मग बायकोकडे, म्हणजे तिच्या जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "वर्गात पाठवलं, आता आपल्यालाच वर्ग घेतात."

जाऊबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "घेऊ दे की. कुणीतरी घ्यायलाच हवा होता." पण हे त्या स्वयंपाकघरात पोचल्यावर म्हणाल्या.

नवऱ्याचा फोन आला. ट्रकचा आवाज, वाऱ्याचा आवाज, आणि मध्ये त्याचा: दादा म्हणतात तसं कर. तिनं त्यालाही नाही म्हटलं.

तेव्हा शिक्क्यांनी तोडगा काढला. गाळा घ्यायचाच, ती बसत नसेल तर ते स्वतः बसतील. पत्रं-पार्सलं बांधून देणं, अर्ज लिहून देणं, पाकिटं, पट्ट्या, दोरे. टपालखात्यात जन्म गेलेला, काम हातचं होतं. मी एकदा त्यांना वाटेत गाठून म्हटलं, "दोन दिवस वर्गात येऊन बसा." ते म्हणाले, "बाई, मी लोकांची पत्रं जगभर पोचवली. मला रस्ता पार करायला शिकवू नका." असल्या वाक्यांवर ते स्वतःच खूश व्हायचे.

चेनवालीनं दुसरीकडे जागा बघितली. चपलांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली, मान वाकवून बसावं लागेल अशी. तिथे आधी कोण होतं ते तिनं आधी विचारलं. एक किल्ल्या बनवणारा होता, त्याच्या मुलाला मोठं दुकान मिळालं म्हणून गेला. तिनं मशीन मांडलं. पहिल्याच महिन्यात शाळेच्या दप्तरांची रांग लागली, आणि भाव सांगून ती गप्प बसायची.

दुपारी डबा घेऊन मात्र रोज दिरांच्या दुकानात जायची. आत शिरायच्या आधी दार पूर्ण उघडून त्याला वीट लावायची.

"धूळ येते," ते म्हणायचे.

"येऊ दे. पाकिटं झटकता येतात."

"आणि मी?"

"तुम्हालाही झटकीन. डबा संपवा."

पावसाळ्यात दार उघडं राहिलं. दमट हवेत काचेला वाफ धरायची नाही एवढा वारा खेळायचा. मग थंडी सुरू झाली. आमच्याकडे त्या वर्षी वारा बोचरा होता. ती गेली की शिक्के वीट बाजूला करायचे आणि दार लावून घ्यायचे. ते ऊब मिळतेय म्हणून मालकाचं कौतुक करायचे. मालक अधूनमधून चहा पाठवायचा.

बदल आधी जाऊबाईंनी पाहिला. रात्री जेवताना डुलक्या यायला लागल्या. चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधायला लागले. गिऱ्हाइकानं दिलेलं पार्सल त्याच्याच पत्त्यावर परत पाठवलं, आणि तो भांडायला आला तेव्हा त्याला ओळखलंच नाही. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. धंद्यात डोकं चालवावं लागतं, तुम्हाला काय कळणार?"

"डोकं चालवल्यानं दुखत असतं," जाऊबाई म्हणाल्या, "तर तुमचं पहिल्यांदाच दुखतंय."

यावर ते एरवी दोन वाक्यं ऐकवल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी ते गप्प बसले. चेनवालीला धडकी भरली ती तेव्हा. दुकानात त्यांना काय होतंय हे त्यांना कळत होतं, आणि आता ते कबूल करणं म्हणजे भावजय बरोबर होती हे कबूल करणं. शिंपी वयाच्या आड लपला, घड्याळजी 'धंदा चालला नाही'च्या. हे स्वतःच्या शब्दाच्या आड.

ती दिवसातून दोनदा जायला लागली, मग तीनदा. गीझरवाल्याला सांगून तिनं पालिकेत तक्रार टाकली. मीही सही केली. तपासणीला माणूस आला तो आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. लाँड्री बंद, बॉयलर गार. मालकानं फळीसुद्धा आनंदानं दाखवली, वरून. माणूस सगळं ठीक आहे म्हणून लिहून गेला. तपासणी सुट्टीच्या दिवशी का ठेवली, असं मी कचेरीत जाऊन विचारलं. टेबलामागचा पोरगा म्हणाला, "आजी, त्या दिवशी गर्दी नसते."

ज्या दिवशी झालं तो ढगाळ दिवस होता. हॉटेलांची चादरी-टॉवेलांची मोठी खेप आली होती, लाँड्रीचा बॉयलर सकाळपासून पेटलेला. चेनवालीच्या हातात एका प्रवाशाची सुटकेस होती, त्याची गाडी सुटायची होती, म्हणून ती डबा घेऊन उशिरा निघाली.

काचेचं दार आतून वाफेनं धुरकट झालं होतं. आत शिक्के टेबलाशी ताठ बसलेले, हातात पेन, समोर अर्धं लिहिलेलं पाकीट. गाल चांगले लालबुंद, तब्येत सुधारल्यासारखे. तिनं दार ढकललं आणि हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

ती बुटकी, ते आडव्या हाडाचे. तिनं डबा टाकला, त्यांच्या खुर्चीची पाठ धरली आणि खुर्चीसकट त्यांना ओढत पायरीपर्यंत आणलं. पायरीवर खुर्ची उलटली आणि दोघं रस्त्यावर पडली. लोक जमले. कोणी म्हणालं, साखर घाला तोंडात. कोणी म्हणालं, डोक्यावर पाणी. लाँड्रीवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला, आणि धावण्याआधी त्यानं आत जाऊन बॉयलर बंद केला होता, हे तिनं रस्त्यावर पडल्या पडल्या ऐकलं. भिंतीपलीकडची घरघर थांबली होती.

शिक्के वाचले. डॉक्टरांनी रक्त तपासून निदान केलं, विषारी वायू, आणि विचारलं, कुठे होता तुम्ही?

त्यांनी छताकडे बघून सांगितलं, "घरी. न्हाणीघरातल्या गीझरपाशी चक्कर आली. दुकानात कसाबसा पोचलो."

चेनवाली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे विजेचा गीझर आहे." पण डॉक्टर लिहून पुढच्या पलंगाकडे गेले होते. लिहिलेलं राहिलं.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा सरळ विचारलं. आजारी माणसाशी गोड बोलायची मला सवय नाही. "खोटं का सांगितलंत?"

ते म्हणाले, "त्या पोरीनं मला सांगितलं होतं. सगळ्या गल्लीला माहीत आहे तिनं सांगितलं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आले ते निम्मे होऊन. पाय ओढत चालायचे. शब्द आठवायचे नाहीत. चहाला 'ते गरम' म्हणायचे, धाकट्या भावाला कधी वडिलांच्या नावानं हाक मारायचे. काही दिवस बरे जायचे, काही नाही. दुकान बंद केलं. लोकांनी विचारलं तर धंदा चालला नाही असं सांगितलं. लोक म्हणाले, नशीब एकेकाचं.

गाळ्याला पुन्हा रंग लागला, आणि थंडी संपायच्या आत नवे भाडेकरू आले. दुसऱ्या गावाहून आलेलं तरुण जोडपं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढणारं. बरोबर बाबागाडी. चेनवालीनं पहिल्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. त्यातला मुलगा नम्र होता. म्हणाला, "ताई, मालकांनी सांगितलंय आम्हाला. तुम्हालाही हाच गाळा हवा होता ना?" गीझरवाला गेला. त्यालाही ऐकवलं, काका, पाइप नवा आहे, तुम्हाला काम देऊ शकत नाही. मी गेले, तर मला पाणी दिलं.

त्या संध्याकाळी ती घरी जाऊन दिरांसमोर बसली. जाऊबाई तिथेच होत्या, त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं.

"भाऊजी, माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही बोललं पाहिजे."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"तुमचा शब्द आहे गल्लीत. माझा नाही."

ती पुढे सरकली.

"त्यांच्याकडे बाळ आहे. गाडी आत भिंतीला लावून ठेवतात. ऊब असते म्हणून."

तेव्हा शिक्के उठले. काठी मागितली, बुशशर्ट बदलला, वरचं बटण लावलं. जाऊबाई म्हणाल्या, उद्या जा, आज बरा दिवस नाही. ते म्हणाले, "आजच." वाटेत ते काय बोलायचं याची तयारी करत होते. एकेक शब्द जुळवून, पुन्हा पुन्हा. चेनवालीनं त्यांचा दंड धरला होता. मी वाचनालयाच्या पायरीवरून त्यांना पाहिलं आणि मागोमाग गेले.

काचेचं दार लावलेलं होतं. शिक्क्यांनी काठीनं टकटक केलं. मुलानं उघडलं. आत त्याची बायको गुडघ्यावर बसून खोकी उघडत होती, गाडीतलं पोर झोपलेलं होतं.

"मी इथे होतो," शिक्के म्हणाले. "मला इथे विष लागलं. त्या पाइपाचं. मी खोटं सांगितलं होतं. ही खरं सांगते. इथे पोर ठेवू नका."

इतकं सगळं त्यांनी एका दमात, न चुकता म्हटलं. गल्लीतलं कोणीही ऐकलं असतं तर हातातलं काम सोडून थांबलं असतं. मुलाचा चेहरा बदलला. त्यानं गाडीकडे बघितलं.

लाँड्रीचं दार उघडून मालक बाहेर आला. हात पुसत, मऊ आवाजात. "काका, कसे आहात? या, बसा. मला ओळखलंत ना?"

शिक्क्यांनी त्याच्याकडे बघितलं. मी बघत होते, त्यांना नाव आठवत नव्हतं. ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "पोस्टमास्तर."

मालकानं मान डोलावली आणि मुलाकडे बघून हळूच म्हणाला, "दवाखान्यातून आल्यापासून असंच. घरच्या गीझरचा धूर लागला. कागदावर आहे सगळं."

मुलानं खांदे सैल सोडले. "सांभाळून घरी न्या ताई," तो चेनवालीला म्हणाला, आणि वारा आत येत होता म्हणून दार लोटायला लागला.

दार लागलं नाही. चेनवालीनं चौकटीत पाय घातला होता. काच तिच्या घोट्यावर आपटली, तरी तिनं पाय काढला नाही. ती उंबऱ्यावरच खाली बसली, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर.

"ताई, उठा," मुलगा म्हणाला.

ती उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "बाई, भाऊजींना घरी पोचवा. आणि जिन्याखालून माझं मशीन पाठवून द्या. मी इथेच बसते. हे दार लागू देणार नाही."

"किती दिवस?" मालकानं हसून विचारलं.

ती त्याच्याकडे बघत गप्प बसून राहिली. भिंतीपलीकडे बॉयलर घरघरायला लागला. मालकाचं हसू हळूहळू गेलं, आणि त्यानं खिशातून फोन काढून कुणाला तरी बोलावलं.